वेडी बाभूळ, जुना ट्रॅक्टर आणि पडीक जमिनीचा हिशेब

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या नावावर गावाकडे थोडीफार जमीन असते. कोणाची वडिलोपार्जित, तर कोणी चार पैसे हाती आले तेव्हा घेतलेली. माणूस शहरात दुकान, माग किंवा गॅरेज सांभाळत राहतो आणि जमीन तिकडे पडून राहते. सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर आपले समाधान असते. मग एखाद्या दिवशी वाटणीचा, विक्रीचा किंवा मुलीच्या लग्नाचा प्रश्न निघतो. आपण जमीन पाहायला जातो आणि तेथे जमीन दिसतच नाही. दिसते ती वेडी बाभूळ.

मी कापडाचा व्यापारी. चादर, टॉवेल आणि सुताचे भाव मला झोपेतही सांगता येतील. परंतु बाभूळ आणि ट्रॅक्टर या दोन गोष्टींनी मला जो धडा शिकवला, त्याची फी मी तीन वेळा भरली आहे. वाचक बंधूंना ती पुन्हा भरावी लागू नये, म्हणून हा लेख.

जंगलाचा भाव की जमिनीचा भाव?

आमची अकरा एकर जमीन मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे. वरचा भाग मुरमाड, खालचा काळा. अब्बांच्या वेळी एक वाटेकरी ती कसत असे. २००४ च्या सुमारास तो म्हातारपणामुळे घरी बसला. दुसरा कोणी नेमला गेला नाही. आम्ही भाऊ धंद्यात गुंतलेले. अब्बा २०१६ मध्ये गेले. वारसांच्या नोंदीसाठी गावी गेलो, तेव्हा बांधावरून आत शिरायला वाट नव्हती.

एक गिऱ्हाईक आले. त्याने बांधावर उभे राहूनच भाव सांगितला. तो ऐकून मी गप्प झालो. तो म्हणाला, "शेठ, ही झाडी काढायला माझा किती पैसा जाईल, ते तुम्हीच बघा. तो मी तुमच्या किमतीतूनच धरणार." पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, देऊन टाका. कोण जाऊन बसणार तिथे?" आपा मात्र अडून बसली. ती म्हणाली, "विकायची तर विका. पण जमिनीच्या भावाने विका, जंगलाच्या भावाने नको. माझा हिस्सा मी काट्यांत मोजून घेणार नाही."

तिचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीनेही बरोबर होते. मळलेला तागा धुऊन, इस्त्री करून ठेवला तर त्याला भाव येतो. तसाच विकला तर तो चिंधीत जातो. आम्ही झाडी काढायचे ठरवले.

शत्रू ओळखावा

पुष्कळ लोक बाभूळ म्हणजे बाभूळ असे समजतात. तसे नाही. आपली देशी बाभूळ वेगळी. तिला पिवळी, गोल, गोंड्यासारखी फुले येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी असते. तिचे दातून, तिचा डिंक, तिच्या लाकडाची औते आपल्या वाडवडिलांनी वापरली. वेडी बाभूळ, जिला विलायती बाभूळ आणि काही भागांत चिलारही म्हणतात, ती परदेशी आहे. तिचे मूळ ठिकाण मेक्सिको, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. हिंदुस्थानात ती इंग्रज अमदानीत, १८७७ च्या सुमारास आणली गेली. ओसाड जमिनीवर सरपण व्हावे, वाळू धरून ठेवावी, असा हेतू होता. सरपण झाले, परंतु झाड आवरेना. कच्छच्या बन्नी गवताळ भागात १९६१ च्या सुमारास ती मुद्दाम लावली गेली आणि पुढे तिने तेथील चराईच मोठ्या प्रमाणात गिळली. तामिळनाडूत तर ती काढण्याचा विषय २०१६-१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला.

तिची फुले गोल नसून लांबट, हिरवट पिवळी, तुऱ्यासारखी लोंबणारी असतात. शेंग सरळ, पिकल्यावर पिवळसर व गोड असते. ही गोडीच घात करते. शेळ्या, म्हशी शेंगा आवडीने खातात. बी पचत नाही, ते लेंडीतून व शेणातून बाहेर पडते. पोटातून आलेले बी अधिक लवकर उगवते आणि सोबत खतही घेऊन येते. जमिनीत पडलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते.

तोडणीला माणसे लावण्यापूर्वी मालकाने स्वतः एक फेरी मारावी. देशी बाभूळ, लिंब, बोर यांना चुन्याची खूण करावी. कुऱ्हाडीला दोन बाभळींतला फरक कळत नाही.

पहिली फी : वरून तोड

२०१७ च्या हिवाळ्यात मी मजुरांची टोळी लावली. ठेका एकराप्रमाणे ठरला. मी दुकानात बसून फोनवर विचारायचो, तिकडून उत्तर यायचे, "शेठ, मैदान झाले." जाऊन पाहिले तर खरेच लांबपर्यंत नजर जात होती. गुडघ्याएवढे खुंट तेवढे उभे होते. मी खूश झालो आणि पैसे चुकते केले.

पुढच्या वर्षी, २०१८ साली, आमच्या जिल्ह्यात दुष्काळ पडला. शेजाऱ्यांची ज्वारी उभी वाळली. परंतु आमच्या प्रत्येक खुंटाला पाच-सात फुटवे आले होते. जेथे एक खोड होते तेथे झुडूप झाले. पूर्वी खोडांमधून निदान माणूस वाकून जात असे, आता तेही बंद झाले.

शेजारचे पाटील बांधावर येऊन म्हणाले, "भाई, तुम्ही बाभूळ तोडली नाही, छाटली. बागेला छाटणी करतात तशी."

कारण असे आहे. या झाडाचे फुटण्याचे डोळे खोडाच्या बुडाशी आणि जमिनीखाली मुळाच्या वरच्या भागात असतात. वरून कितीही कापा, ते डोळे शाबूत राहतात आणि खाली मुळांत साठवलेली ताकद त्यांना वर ढकलते. म्हणून कुऱ्हाड जमिनीच्या वर नव्हे, खाली चालली पाहिजे. बुंध्याभोवतीची माती काढून निदान अर्धा फूट, मोठ्या झाडाला एक फूट खाली मूळ तोडले, तरच ते झाड मरते. जाळण्याचाही उपयोग नाही. वरचे जळते, खालचे राहते, शिवाय शेजाऱ्याच्या उभ्या पिकाला व गंजीला धोका. खुंटावर डिझेल किंवा रॉकेल ओतण्याचा इलाज पुष्कळ जण सांगतात, त्याचा भरवसा नाही. तणनाशकाचा विचार असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारल्याशिवाय डबा उघडू नये. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत, हेही ध्यानात असावे.

दुसरी फी : साखळी आणि ट्रॅक्टर

वरून तोडून भागत नाही, तर उपटून काढू, असा विचार करून २०१९ मध्ये मी ३५ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर घेतला. आपाचा मुलगा तो चालवायला तयार झाला. खुंटाला साखळी बांधायची, दुसरे टोक ट्रॅक्टरला, आणि ओढायचे. पहिले आठ-दहा लहान खुंट निघाले. मग एका जाड खुंटाला साखळी लावली. खाली साखळी घसरत होती, म्हणून आम्ही ती ट्रॅक्टरला उंचावर, वरच्या लिंकच्या जागी अडकवली. भाच्याने क्लच सोडला. खुंट हलला नाही. ट्रॅक्टरची पुढची चाके वर उचलली गेली. त्याने क्लच दाबला म्हणून ती धाडकन खाली आली. दाबला नसता तर ट्रॅक्टर मागे उलटून त्याच्याच अंगावर पडला असता. घरी मी आपाला काय तोंड दाखवले असते?

हे का होते ते प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने समजून घ्यावे. ओढ मागच्या आसाच्या वर लागली आणि वजन जागचे हलले नाही, तर इंजिनाची ताकद ट्रॅक्टरलाच आसाभोवती मागे फिरवते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो उलटतो. म्हणून ओढायचे काहीही असो, ते खालच्या ड्रॉबारलाच बांधावे. वरच्या लिंकला, सीटखाली किंवा आसाला कधी बांधू नये. नायलॉनचा दोर वापरू नये. तो ताणला जाऊन तुटला की चाबकासारखा परत येतो. ओढताना आजूबाजूला कोणी उभे राहू नये. आणि मनगटापेक्षा जाड खुंट असेल तर ट्रॅक्टरचा नाद सोडून जेसीबी बोलवावा.

दुसरा धोका मागच्या फिरत्या शाफ्टचा. रोटाव्हेटर किंवा थ्रेशर ज्या पीटीओवर चालतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. आम्ही कापडवाले आहोत, कापडाची ताकद आम्हाला ठाऊक आहे. ओढणी, पदर, उपरणे किंवा लुंगीचे टोक त्या शाफ्टने पकडले तर कापड फाटत नाही, माणूस आत ओढला जातो. शाफ्टवरचे झाकण काढून फेकू नये. रोटाव्हेटरमध्ये काडी अडकली तर इंजिन पूर्ण बंद केल्याशिवाय हात घालू नये.

तिसरी फी : एक वाटी तेल

त्याच वर्षी तिसरा फटका बसला. ट्रॅक्टर काळा-निळा धूर टाकू लागला, ताकद कमी झाली, इंजिन ऑइल दर दोन दिवसांनी कमी पडू लागले. मोहोळला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेला. त्यांनी इंजिन खोललेच नाही. आधी एअर क्लीनरची खालची वाटी काढून माझ्या हातात दिली. आत तेलाऐवजी डांबरासारखा चिखल होता.

"हे कधी धुतले होते?" त्यांनी विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी भाच्याकडे.

"शेठ, तुमच्या मागावर जॉबर रोज तेलाची कुपी घेऊन फिरतो ना?"

"फिरतो, चाचा."

"मग याने काय गुन्हा केला होता?"

इंजिन खोलावे लागले. लायनर, पिस्टन, रिंगा सगळे नवे. त्या पावतीची रक्कम आणि पहिल्या वरवरच्या तोडीची मजुरी एकत्र केली, तर तेवढ्यात जेसीबीचे सगळे काम होऊन काही पैसे हाती उरले असते. दोष मिस्त्रीचा नाही, भाच्याचाही नाही. यंत्र घेतले मी, आणि त्याचे पुस्तक उघडले नाही मीच.

जुन्या पद्धतीच्या एअर क्लीनरमध्ये हवा तेलातून जाते व धूळ तेलात बसते. तेल चिखल झाले की धूळ सरळ इंजिनात जाते आणि सिलिंडरला कानसीसारखी घासते. झाडी काढण्याच्या कामात धूळ नांगरणीपेक्षा जास्त उडते. म्हणून अशा कामात ती वाटी रोज पाहावी. तेल घट्ट झाले असेल तर वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. ज्या मॉडेलला कागदी गाळणी आहे, तिची कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे सफाई व बदल करावा, ती धुऊ नये.

रोजची दहा मिनिटे

मिस्त्री चाचांनी मला जो परिपाठ सांगितला, तो मी उर्दूत लिहून ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीच्या झाकणाला चिकटवला आहे. येथे मराठीत देतो.

सकाळी, सुरू करण्यापूर्वी : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पट्टीवर इंजिन ऑइल पाहावे. रेडिएटरमधील पाणी पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये व त्यात थंड पाणी ओतू नये. रात्री ट्रॅक्टर उभा होता त्या जागी जमिनीवर तेलाचा डाग आहे का, हे पाहावे.

संध्याकाळी, काम संपल्यावर : डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री हवेतील ओल धरते आणि ते पाणी पंपापर्यंत जाते. रेडिएटरच्या जाळीतील पाला झाडावा. वेड्या बाभळीची बारीक पाने जाळीत गच्च बसतात आणि इंजिन तापते. टायरवर हात फिरवून काटे पाहावेत.

दर ५० ते ६० तासांनी : सर्व निपलना ग्रीस, बॅटरीचे पाणी, गिअर व हायड्रॉलिक तेलाची पातळी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. क्लचच्या पायाला साधारण एक इंच ढिलाई असावी. चालवताना क्लचवर पाय ठेवून बसण्याची सवय मोडावी, प्लेट त्यानेच जळते. शेतातील कामात मागच्या टायरमध्ये साधारण १२ ते १५ पौंड हवा पुरते, पुढच्यांत त्याच्या जवळपास दुप्पट लागते. मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो.

इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर : नव्या मॉडेलला बहुधा २५० तासांचा हिशेब असतो, जुन्यांना कमी. आपल्या मॉडेलचे पुस्तक प्रमाण मानावे. तासांची नोंद वहीत ठेवावी. आपण उधारीची वही ठेवतो, ही का नको?

धुरावरूनही बरेच समजते. काळा धूर म्हणजे बोजा जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळत आहे. थंड इंजिनाला सुरुवातीस थोडा पांढरा धूर चालतो, पण तो थांबला नाही तर मिस्त्रीला दाखवावे. ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे, इंजिन सुरूच करू नये.

मुळापासून काम

२०२० च्या उन्हाळ्याअखेर आम्ही योग्य रीतीने सुरुवात केली. क्रम असा ठेवला. प्रथम फांद्या तोडून लाकूड बाहेर काढले, म्हणजे मशीनला बुंधा दिसतो. मग जेसीबीने मोठे बुंधे मुळांसह उचकटले. जेसीबी तासावर चालते, म्हणून मालकाने तेथे हजर राहावे, कोठून कोठे जायचे ते आदल्या दिवशी ठरवून ठेवावे, आणि चालकाला सांगावे की वरची माती ढकलून नेऊ नको. सुपीक थर बांधावर गेला तर झाडी गेली आणि शेतही गेले. मुळे हलवून माती झाडून मगच ढिगावर टाकावीत.

त्यानंतर पलटी नांगर. नांगरामागे माणसे चालवून मुळांचे तुकडे वेचून घेतले. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु येथे हात आखडता घेतला तर पुढे रोटाव्हेटरची पाती मोडतात. नंतर पाळी आडवी-उभी दिली. रोटाव्हेटर सर्वांत शेवटी. काळ्या जमिनीत वाफसा पाहूनच यंत्र घालावे. ओल्यात ते रुतते आणि उन्हाळ्यात ढेकूळ दगडासारखे निघते.

शक्य असेल तर काम शेंगा पिकून गळण्याच्या आत करावे. मजुरांना जाड तळाचे बूट व हातमोजे द्यावेत. या काट्याची जखम लवकर चिघळते. काटा खोल गेला तर घरगुती इलाज न करता डॉक्टरकडे जावे व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

नदीच्या अगदी कडेची झाडी आम्ही काढली नाही. तेथील मुळे काठ धरून असतात. तेथे हळूहळू लिंब, करंज यांसारखी झाडे वाढवून मगच बाभूळ कमी करावी, असा सल्ला पाटलांनी दिला आणि तो आम्ही मानला.

आणखी एक गोष्ट. गावातील काही बाया वर्षानुवर्षे आमच्या झाडीतून सरपण नेत होत्या. त्यांची चूल आमच्या गफलतीवर चालत होती म्हणा. ठोक लाकूड विकले, पण बारीक फांद्या आम्ही त्यांना दिल्या आणि मुळे वेचण्याची मजुरीही त्यांनाच दिली. त्यांच्याइतके चोख काम दुसऱ्या कोणी केले नसते. कोणते मूळ पुन्हा फुटते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

कारागिरांसाठी यात काय आहे?

या कामात अनेक हातांना धंदा आहे. झाडीत जाणाऱ्या ट्रॅक्टरला पोटाखाली जाड पत्रा, रेडिएटरपुढे मजबूत जाळी आणि हायड्रॉलिक पाइपांना संरक्षण लागते. खुंट खालून घुसून ऑइलचे चेंबर फोडतो. हे काम कोणताही चांगला वेल्डर करू शकतो. हंगामात शेतावर जाऊन ग्रीस, फिल्टर, ऑइल बदलून देणारा फिरता मिस्त्री मिळाला तर शेतकरी त्याला आनंदाने पैसे देतील. ट्रॅक्टर गॅरेजला आणण्यात त्यांचा दिवस जातो.

लाकडाला गिऱ्हाईक आहे. या बाभळीचे लाकूड घट्ट असते व विस्तव बराच वेळ टिकतो. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या भागात आणि कच्छमध्ये तिच्या कोळशाचा मोठा धंदा आहे. परंतु मातीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकडातून साधारण एक किलो कोळसा निघतो, हा हिशेब धरूनच उतरावे. शिवाय बाजार बदलतो आहे. मुंबईत लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बजावले. म्हणून लाकडाच्या पैशातून जमीन साफ होईल, या भरवशावर राहू नये. आमचा लाकडाचा पैसा जेसीबीच्या खर्चाचा एक भाग तेवढा भरून काढू शकला.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. चालू इंजिनात ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे, जोराने धूर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. आणि आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का, इंजिन व चासीचा नंबर जुळतो का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. मी यातले पहिले दोन केले नव्हते.

कागदही साफ असावा

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. सातबाऱ्यावरील 'पोटखराबा', 'भोगवटादार', 'इतर हक्क' हे शब्द मला वयाच्या पन्नाशीत तलाठ्याकडून समजून घ्यावे लागले. लाज वाटली, पण विचारले. आपल्या अनेक बांधवांची हीच अडचण आहे. न समजता सही करण्यापेक्षा चार वेळा विचारणे बरे. झाडी काढण्यापूर्वी वारसांची नोंद पूर्ण करावी. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. झाडीत बुडालेला बांध शेजाऱ्यालाही दिसत नाही आणि तो सरकतो. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, हिरडा अशी काही झाडे स्वतःच्या शेतातही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वेडी बाभूळ त्या यादीत नाही. तरीही तोडीपूर्वी व लाकूड गाडीत भरण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. पीक घेतल्यावर ई-पीक पाहणीची नोंद करावी. ही पद्धत २०२१ पासून राज्यभर आली. जमीन कसली जाते, याचा तोच पुरावा.

आजची स्थिती

जमीन आम्ही विकली नाही. ती साफ झाल्यावर तेच गिऱ्हाईक परत आले आणि त्याने सांगितलेला भाव पहिल्यापेक्षा बराच वर होता. परंतु तोवर धाकट्यानेच विचार बदलला. आता ती पाटलांच्या पुतण्याकडे लेखी कराराने वाट्याने आहे. खाली ज्वारी, वर तूर होते. आपाच्या हिश्श्याची ज्वारी तिच्या दारी पोहोचते.

मात्र काम संपले, असे मी म्हणणार नाही. पहिल्या पावसानंतर दरवर्षी जुन्या बियांतून रोपे उगवतात. कोवळे रोप महिनाभराच्या आत हाताने उपटले तर निघते. एक वर्ष सोडले तर कुदळ लागते, आणि तीन वर्षे सोडले तर पुन्हा जेसीबी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. आमच्या खालच्या तुकड्यावर गाळ बसला, उभे पीक गेले. ट्रॅक्टर शेडमध्ये चाकांच्या वरपर्यंत पाण्यात होता. भाच्याने चावीला हातही लावला नाही. आधी मिस्त्रींना आणले, सर्व तेले काढून टाकली, पंप व फिल्टर उघडले, मग इंजिन सुरू केले. ते वाचले. पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर चालतो का ते पाहण्यासाठी लगेच सुरू करणारे पुष्कळ असतात, त्यांचे इंजिन तेथेच संपते.

पूर ओसरल्यावर त्या गाळातून बाभळीची नवी रोपे वर आली. बी कोठून वाहून आले, कोण जाणे. दिवाळीनंतर दोन बाया आणि मी, तिघांनी चार दिवस ती उपटली. दुकान त्या दिवसांत मुलाने सांभाळले. ज्या बांधवांची जमीन गावाकडे पडून आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यानंतर एकदा जाऊन बांधावर उभे राहावे. रोप बोटाएवढे असेल तर तेथेच वाकावे आणि उपटावे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.